आमची बोकडपालनाची वाटचाल : नजरेवरून काट्यावर

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. 2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी रानात कितीतरी दिवस थांबलं, ऊस कुजला, सोयाबीन तर दिसलंच नाही, तेव्हाच मी आणि धाकट्या भावानं ठरवलं की आता नुसत्या रानावर बसायचं नाही.

म्हशीची रेडकं स्वस्तात मिळतात ती वाढवून विकू असं भावाच्या डोक्यात होतं. पण आमच्या कर्नाटकात 2020 च्या कायद्याप्रमाणं गाय-बैल तर नाहीच, 13 वर्षांच्या आतली म्हैस-रेडासुद्धा कत्तलीला चालत नाही, म्हणजे ज्या वयात मांसाच्या जनावराचे पैसे होतात ते वयच बंद. विषय तिथंच संपला. मग बोकड.

घरच्या दहा उस्मानाबादी शेळ्या होत्या, त्यात बाजारातून 22 बोकडं आणली, सगळी नजरेवर, वजन न करता. पोटं टम्म दिसत होती, घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी निम्मी खपाटीला गेली, मीठ चारून पाणी पाजलेलं होतं हे तेव्हा कळलं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती आमच्या शेळ्यांतच सोडली. आठवड्याच्या आत शिंका, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, पातळ हगवण. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. नऊ जनावरं मेली, त्यातली तीन आईनं हातावर वाढवलेली, आई आठवडाभर गोठ्याकडं फिरकली नाही. आता कितीही चांगलं जनावर असूदे, 21 दिवस वेगळ्या खोपीत, तिथली बादली पण वेगळी. पीपीआरची लस एकदा टोचली की तीन वर्षं बघायला लागत नाही, आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याचा रोग) मात्र दरवर्षी पावसाळ्याच्या आधी.

पण खरी गाडी वळली ती जंताच्या औषधावरून. डॉक्टर कन्नड माणूस, बाटली हातात घेऊन विचारले, "तूका एष्टू?" म्हणजे वजन किती. मी म्हटलं असेल की वीस-बावीस किलो. ते म्हणाले, अंदाजानं डोस देऊ नका, कमी पडला तर जंत मरत नाहीत आणि पुढं औषधालाच दाद देत नाहीत. मग त्याच आठवड्यात टांगायचा काटा आणला, पोत्याला चार भोकं पाडून त्यात पाय घालून बोकड उचलायचं, कानात नंबरचा बिल्ला, आणि दर 15 दिवसांनी वहीत वजन. वही वहिनी लिहिते, तिच्याइतकं चोख कुणाचं नाही.

त्या वहीनं डोळे उघडले बघा. आमच्याकडं एका बोकडाला दिवसाला चारा-खुराक मिळून 15 रुपये पडतात, 150 दिवसांचे 2250. दिवसाला 80 ग्रॅम वाढणारं बोकड तेवढ्यात 12 किलो चढतं, जिवंत वजनाला 400 चा दर धरला तर 4800. आणि 40 ग्रॅमवालं? सहा किलो, 2400. म्हणजे फक्त चाऱ्याचे पैसे निघाले, मजुरी अंगावर. दिसायला दोन्ही सारखी काळीभोर, चकचकीत, नजरेला फरक कळतच नव्हता! आता दोन महिने बघतो, वाढ नसेल तर आधी जंत तपासतो, मग खुराक, तरी नाही तर विकून मोकळं.

खुराक म्हणजे मक्याचा भरडा, थोडी शेंगपेंड, वर तुरीचं भुसकट आणि मुरघास (मुरवलेला हिरवा चारा). ऊस तुटायच्या टायमाला वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकट मिळतं म्हणून पहिल्या वर्षी तेच घातलं, पण वाड्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य अंगातलं कॅल्शियम ओढतं, त्यामुळं आता वाडं थोडंच आणि सोबत खनिज मिश्रण कायम. भरडा पण एकदम वाढवायचा नाही, पोट फुगतं, आठ-दहा दिवसांत हळूहळू.

बकरीदचं गणित तर सगळ्यात लांबचं. 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जून, 2025 ला 7 जून, दरवर्षी सण दहा-बारा दिवस अलीकडं सरकतो. बोकड वर्षाचं पाहिजे, गिऱ्हाईक तोंड उघडून दोन पक्के दात बघतंयच, शिंग तुटकं नको, लंगडं नको. शेळी पाच महिने गाभण, म्हणजे सणाच्या सतरा महिने आधी शेळी फळली पाहिजे. पहिली दोन वर्षं हे ध्यानातच आलं नाही आणि ऐन सणाला अकरा महिन्यांची बोकडं हातात राहिली.

कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगाव, गोवा, सगळीकडची माणसं येतात. जुनी मंडळी अजून म्हणतात "काटा कशाला दादा, नजरेनं बोला की". त्यांना मी वहिनीची वही हातात देतो, नंबर बघा, पंधरवड्याची वजनं बघा आणि समोर काट्यावर चढवा. गेल्या सणाला एक चाचा दोन तास वही वाचत बसले, चहा झाला, मग सात नंबर आणि एकोणीस नंबर घेतले, आणि जाताना पुढच्या वर्षीसाठी तीन बोकडांचे नंबर लिहून ठेवायला सांगितले.