ऑनलाइन इंग्रजी वर्गातली पहिली दहा मिनिटे : माझा अनुभव

सांगलीत मी प्रौढांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा तो नाइलाजाने ऑनलाइन न्यावा लागला. पुढे सगळे सुरळीत झाल्यावरही तो तसाच ठेवला, कारण तोवर तासगाव, विटा, जत, आटपाडी अशा गावांहून लोक येऊ लागले होते आणि दिवसभराचे काम उरकून त्यांनी एसटीने सांगलीला यावे व रात्री परत जावे, हे शक्य नव्हते. मिरजेच्या रुग्णालयातल्या परिचारिका, मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी, बी.एड. करणाऱ्या मुली, निवृत्त बँक कर्मचारी असा सगळा मिश्र वर्ग असतो.

प्रत्यक्ष वर्गात संकोच मोडण्यासाठी मला वेगळे काही करावे लागत नसे. दारात चपला काढताना, बाकावर सरकून जागा देताना, जिन्यात चहा घेताना लोकांची आपसूक ओळख होई. ऑनलाइन वर्गात मात्र माणूस थेट चौकोनात प्रकट होतो, ‘गुड इव्हनिंग मॅडम’ म्हणतो आणि माइक बंद करून बसतो. तेव्हा आइसब्रेकर, म्हणजे सुरुवातीचा संकोच मोडणारे छोटे उपक्रम, ठरवून, आखून घेणे भाग होते आणि त्यासाठी इंटरनेटवर मिळणाऱ्या याद्या मी चाळू लागले.

त्या याद्यांतले बरेचसे आमच्या वर्गाला लागू पडणारे नव्हते. ‘तुम्ही प्राणी असता तर कोणता असता’ हा प्रश्न पन्नाशीच्या दिवाणजींना विचारला, की ते सौजन्याने ‘लायन’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, कारण त्यांना ते सांगायचे नसते आणि इतरांना ते ऐकायचे नसते. म्हणून मी एक कसोटी ठरवली : विचारणाऱ्याला उत्तर खरोखर माहीत नसावे आणि ते जाणून घ्यावेसे वाटावे. या कसोटीवर निम्म्याहून अधिक यादी गळाली.

काही खेळ तांत्रिक कारणाने बाद झाले. ‘डावीकडच्या व्यक्तीला विचारा’ ही सूचना झूमवर निरर्थक ठरते, कारण चौकोनांचा क्रम प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा असतो आणि मोबाइलवरून येणाऱ्यांना तर एका वेळी मोजकेच चेहरे दिसतात. त्यामुळे कोणी कोणानंतर बोलायचे, ती नावांची यादी मी आधीच चॅटमध्ये टाकते. आपली पाळी केव्हा येणार हे कळले, की माणूस निम्मा मोकळा होतो.

‘घरातली एक वस्तू कॅमेऱ्यासमोर दाखवा’ हा अतिशय लोकप्रिय उपक्रम मी घेत नाही. एका खोलीत राहणारी, मागे सासूबाई जेवत असताना कोपऱ्यात बसून शिकणारी सून कॅमेरा बंद ठेवते, त्यामागे कारण असते. तिला घर दाखवायला लावणे हा संकोच मोडण्याचा मार्ग नव्हे. त्याऐवजी मी आवाजाचा खेळ सुरू केला आणि तोच आमच्याकडे सर्वांत जास्त रुजला.

एकाने माइक सुरू करून काही क्षण स्तब्ध बसायचे आणि त्याच्याकडून जे ऐकू येईल ते कशाचे असावे, हे इतरांनी चॅटमध्ये लिहायचे. लिहिण्यासाठी तीन साचे आधीच दिलेले असतात : ‘इट मस्ट बी’, ‘इट मे बी’ आणि ‘इट कान्ट बी’. तर्क व्यक्त करण्याची ही रूपे व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणी वाटतात, पण येथे त्यांची खरी गरज पडते. एक व्यवस्था मात्र आधी करावी लागते. झूम मागचा गोंगाट आपोआप दाबते, त्यामुळे पंखा किंवा लांबची आरती पलीकडे पोहोचतच नाही. ज्याची पाळी असेल त्याला सेटिंगमध्ये जाऊन ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करायला सांगावे लागते.

एकदा तासगावकडच्या एका तरुणाची पाळी होती. त्याच्याकडून सलग घरघर येत होती. कोणी ‘इट मस्ट बी अ ट्रॅक्टर’ लिहिले, कोणी पिठाची गिरणी म्हटले, तर विट्याच्या एका ताईंनी ‘इट कान्ट बी अ गिरणी, इट इज टू लेट’ असा बिनतोड युक्तिवाद केला. निघाला तो द्राक्षबागेत फवारणी करणारा ब्लोअर. एवढ्या रात्री फवारणी का, असे परिचारिकेने विचारले आणि तोवर ‘येस मॅडम’पलीकडे न गेलेला हा मुलगा सांगू लागला, की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तर डाउनी हा बुरशीचा रोग येतो आणि तेव्हा सकाळची वाट पाहून चालत नाही. ‘डाउनी मिल्ड्यू’, ‘फंगिसाइड’, ‘डोस पर लिटर’ हे शब्द त्याला औषधांच्या डब्यांवरून तोंडपाठ होते. वाक्ये मोडकी होती, पण त्या क्षणी वर्गात त्या विषयातला जाणकार तोच होता. ज्या गोंगाटाबद्दल लोक एरवी ‘सॉरी मॅडम, घरात आवाज आहे’ म्हणून माफी मागतात, तोच अशा रीतीने धड्याचे साहित्य होतो.

‘दोन खरी वाक्ये आणि एक खोटे’ हा जुना खेळही आम्ही घेतो, पण त्याचा उपयोग वाक्ये सांगण्यात नसून उलटतपासणीत आहे. आपल्याकडे प्रश्न मराठीच्या क्रमाने तयार होतो आणि ‘यू व्हेन वेंट?’ असे बाहेर पडते. समोरचा खोटे बोलतो आहे हे सिद्ध करायचे असले, की प्रश्नांचा पाऊस पडतो आणि ‘व्हेन डिड यू गो?’ हे रूप चार-पाच जणांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येऊन बसून जाते. ‘आय हॅव नेव्हर ईटन भडंग’ हे वाक्य एका काकांनी टाकले, तेव्हा सांगलीत राहून हे अशक्य आहे असा एकमुखी निकाल लागला. ते वाक्य खरे निघाले आणि त्यांना कारणे देता देता घाम फुटला. या खेळाला मी विषयांची मर्यादा घालते : खाणे, प्रवास, बालपण, काम. २०१९ च्या महापुरात येथे अनेकांच्या घरात पाणी शिरले होते. तसे वाक्य कोणी सहज लिहिले आणि दुसऱ्याने त्याला खोटे ठरवले, तर पुढे कोणालाच हसावेसे वाटत नाही.

शिक्षकाने किती वेळ थांबावे, याचा विचार ऑनलाइन वर्गात अधिकच करावा लागतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात आणि तो अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांब व विचारपूर्वक येतात. झूमवर माइकचे बटण शोधून ते दाबण्यातच तीन सेकंद जातात आणि जतसारख्या ठिकाणी रेंज खालावली असेल तर आवाज आणखी उशिरा पोहोचतो. म्हणून मी आधी सर्वांना उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायला सांगते, मात्र ते माझ्या खुणेनंतर एकदमच पाठवायचे. पुढे हे लिहिलेले वाक्य जोडीदाराला वाचून दाखवायचे आणि मगच सर्वांसमोर बोलायचे.

जोड्यांसाठी ब्रेकआउट रूम, म्हणजे झूममधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या, वापरतो. तेथे अडचण इंग्रजीची नव्हे, तर वडीलधाऱ्यांची येते. विशीतली मुलगी साठीच्या गृहस्थांसोबत पडली, की त्यांना थेट प्रश्न विचारणे तिला आगाऊपणाचे वाटते. सुरुवातीलाच ‘मे आय आस्क यू समथिंग, काका?’ हे वाक्य हाती दिले, की तिची जीभ सुटते. ‘काका’ला ‘सर’ करण्याचा आग्रह मी धरत नाही.

विनामूल्य झूमची बैठक चाळीस मिनिटांत बंद पडते, तेव्हा या सगळ्याला दहा मिनिटांहून अधिक देणे परवडत नाही. शिवाय ‘आम्ही ग्रामर शिकायला आलो आहोत, टाइमपास करायला नव्हे’ असे मानणारे प्रत्येक तुकडीत असतात आणि ते पहिली दहा मिनिटे चुकवून येतात. त्यावर उपाय म्हणून मुख्य धड्यातले पहिले काम मी जोडीदाराकडून मिळालेल्या माहितीवरच बेतते. जो उशिरा येतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसते. सध्याच्या तुकडीतले एक निवृत्त शाखाधिकारी तरीही बधत नव्हते, म्हणून त्यांच्याकडे वेळ पाळण्याचे काम सोपवले आहे. आता ते आठला पाच कमी असतानाच येऊन बसतात आणि कोणी रेंगाळले तर ‘प्लीज कन्क्लूड, मॅडम’ असे मलाही बजावतात.