दहा बाय अठराचे गॅरेज: ओल, उजेड आणि मांडणी

आमच्या पुण्यातील बंगल्याचे गॅरेज आतून दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे. ते बांधले गेले त्या काळातील फियाट जेमतेम दीड मीटर रुंद होती. आजची साधी हॅचबॅकदेखील पावणेदोन मीटरच्या आसपास जाते. त्यामुळे गाडी आत ठेवूनच कामाची जागा निर्माण करायची असेल, तर प्रत्येक इंचाचा हिशेब मांडावा लागतो. एकूण खर्च २५,००० रुपयांच्या आत बसवायचा आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर आधी पैसे घालायचे, असे सुरुवातीलाच ठरवले होते. पावसाळा सरल्यानंतर कामाचा पहिला टप्पा तपासून पाहता आला, म्हणून ही नोंद.

सर्वांत मोठा प्रश्न ओलीचा होता. डाव्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारा क्षारांचा पांढरा थर) लागला होता, गिलाव्याचे पोपडे सुटत होते आणि तिथे ठेवलेल्या पान्यांना गंज चढत होता. अशा वेळी भिंतीला एखादा जलरोधक रंग फासण्याचा मोह होतो. परंतु ओल कुठून येते हे कळल्याखेरीज रंगाचा डबा उघडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. त्यासाठी साधी चाचणी पुरते. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आणि भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूस थेंब जमले तर ओल जमिनीतून किंवा भिंतीतून येत आहे, आणि बाहेरच्या बाजूस जमले तर ती हवेतील आहे. आमच्याकडे भिंतीवरील तुकड्याच्या आत थेंब होते आणि फरशीवरचा तुकडा जवळजवळ कोरडा होता. कारण भिंतीपलीकडे सापडले: फुलझाडांच्या वाफ्यातील माती वर्षानुवर्षे भर पडून जोत्याच्या वर, म्हणजे आतील फरशीच्याही वर गेली होती, आणि गच्चीचे पाणी वाहून आणणारा पाइप नेमका त्याच वाफ्यात उतरत होता.

माती जोत्याखाली वीतभर उतरेल इतकी काढली आणि पाइपाला पुढे वाढवून त्याचे तोंड अंगणातील गटाराकडे वळवले. या दोन कामांना मजुरी आणि पाइपाचा तुकडा एवढाच खर्च आला, आणि संपूर्ण नूतनीकरणातील सर्वाधिक फायद्याचे काम हेच ठरले, असे माझे मत आहे. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. सुटा गिलावा खरवडून एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू या प्रमाणात नवा गिलावा केला, आणि तो पुरता वाळल्यावर चुन्याचे दोन हात दिले. चुना स्वस्त आहे, उजेड परतवतो आणि भिंतीतील उरलीसुरली ओल बाहेर पडू देतो. कळीचा चुना घरी विरवणार असाल तर डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच, कारण तो उकळल्यासारखा उसळतो.

फरशी शहाबादीच ठेवली आहे. इपॉक्सी (फरशीवर ओतून चढवायची चकचकीत रासायनिक लेपणी) सुंदर दिसते हे खरे, पण जमिनीतून ओल येत असलेल्या ठिकाणी तिचे पापुद्रे सुटतात, आणि एका पावसाळ्याच्या अनुभवावर तेवढा खर्च करण्याची माझी तयारी नाही. तेलाचे डाग लाकडाचा भुसा आणि धुण्याचा सोडा यांनी बरेच फिके झाले. शहाबादीवर आम्ल मात्र वापरू नये, ती चुनखडीची असल्याने खरवडली जाते.

विजेच्या कामात काटकसर केली नाही. जुन्या लाकडी पट्टीवरील वायरिंगला अर्थिंगच नव्हते. परवानाधारक वायरमनकडून दिव्यांसाठी १.५ आणि १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला. एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा इथेच गेला. चोक असलेल्या जुन्या ट्यूबच्या जागी चार फुटी, २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या आल्या. त्यांतील एक कामाच्या टेबलाच्या वर, भिंतीजवळ आहे; ती पाठीमागे असती तर स्वतःचीच सावली कामावर पडली असती.

मांडणीचा विचार गाडीच्या मापावरून झाला. गाडीची लांबी चार मीटरच्या आत असल्याने अठरा फुटांपैकी दीड मीटर मागच्या भिंतीशी उरतो. दोन फूट खोलीचे टेबल ठेवूनही उभे राहायला जागा मिळते. टेबलासाठी जुन्या बांधकाम साहित्याच्या दुकानातून बाथरूमचा फ्लश डोअर आणून कापून घेतला. असा दरवाजा घेताना तो बोटांनी ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला तर शिकंजा बसवण्याइतका तो मजबूत नसतो. गाडी नेमकी कुठे थांबवायची हे कळावे म्हणून पुढच्या चाकांसमोर फरशीला लाकडी ठोकळा पक्का केला आहे.

रॅकसाठी स्लॉटेड अँगल (ओळीने भोके असलेल्या काटकोनी लोखंडी पट्ट्या) बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून घेतले, गंज घासून त्यांवर रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग मारला. नटबोल्ट मात्र रविवार पेठेतील बोहरी आळीतून नवेच आणले. डाव्या भिंतीवर गाडीच्या टपाच्या वर नऊ इंची फळ्या आहेत, त्यांवर हलके सामान. उजवीकडे चालकाचे दार उघडते, म्हणून तिथे रॅक न लावता प्लायवर खिळे मारून पाने, पकडी आणि करवती टांगल्या. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा मार्करने काढल्यामुळे काय जागेवर नाही ते लगेच दिसते. स्क्रू आणि वॉशर झाकणाच्या बरण्यांत आहेत. झाकणे फळीच्या खालच्या बाजूस स्क्रूने पक्की केली आहेत आणि बरणी फिरवून काढायची. थिनर आणि रंग खालच्या बंद पेटीत, स्विचबोर्डापासून दूर ठेवले आहेत. पेट्रोल मात्र गॅरेजमध्ये साठवत नाही.

उरलेले काम शटरचे आहे. पट्ट्यांचा गंज काढून रंग देणे आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत ग्रीस भरणे मी स्वतः करीन. वरच्या नळकांड्यातील ताणलेल्या स्प्रिंगला मात्र हात लावणार नाही. त्यासाठी शटरवाल्या मिस्त्रींना दिवाळीनंतरची वेळ सांगून ठेवली आहे.