पिस्टनची कोणती बाजू घासली, हे आधी पाहावे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आंबिया बहाराची संत्री उतरून बागांमध्ये सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढण्याचे काम सुरू झाले होते, तेव्हा वरुड तालुक्यातील माझ्या दुकानात एक ओळखीचे चेन सॉ आले. मे महिन्यात ते मीच मोकळे करून दिले होते: सायलेन्सरचे तोंड मोठे केले होते, सिलिंडरखालची पॅकिंग काढून दाब वाढवला होता आणि कार्बोरेटर नव्याने लावून दिला होता. सात महिने त्या मशीनने धुऱ्यावरच्या बाभळी उत्तम कापल्या. आता स्टार्टरची दोरी अर्ध्यावरच अडकत होती.

“काका, तेल तं मी बरोबरच टाकलं होतं,” मालकाचा मुलगा दुकानात पाय ठेवताच म्हणाला. पिस्टन चिकटला की मिस्त्री पहिला ठपका तेलावर ठेवतो, हे त्याला ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. अशा मशीनच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाच्या तेलाची वेगळी टाकी नसते. लिटरभर पेट्रोलमध्ये मिसळलेले २० मिलिलिटर तेल, म्हणजे पन्नासास एक हे प्रमाण, हेच त्याचे सगळे वंगण. ते विसरले तर मशीन काही मिनिटांत बसते, त्यामुळे संशय स्वाभाविक असतो. परंतु संशयावर नवे किट, म्हणजे पिस्टन-रिंगांचा संच, बसवू नये. मूळ कारण तसेच राहिले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

सिलिंडर खोलण्याआधी मी सायलेन्सर काढतो आणि एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकून पिस्टन पाहतो. या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते, अ‍ॅल्युमिनियम रिंगेवर माखले गेले होते आणि रिंग खाचेत घट्ट रुतली होती. मग सिलिंडर उचलून दुसरी बाजू पाहिली. कार्बोरेटरकडच्या बाजूला मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा नव्यासारख्या शाबूत होत्या आणि बोट फिरवले तर तेलाचा ओलसरपणा लागत होता. मुलगा खरे बोलत होता. तेल नसते तर पिस्टन चहूबाजूंनी खरवडला गेला असता, कारण कोरडेपणा एक बाजू निवडत नाही. येथे फक्त एक्झॉस्टची बाजू गेली होती. जळालेला वायू तिथूनच बाहेर पडतो, तेथील तेलाचा थर सर्वांत आधी पातळ होतो, आणि समोरच्या बाजूला मात्र येणारे ताजे मिश्रण थंड ठेवत असते. केवळ याच बाजूचे ओरखडे म्हणजे बहुतेक वेळा एकच निदान: हवा जास्त, पेट्रोल कमी.

हीच जागा उलट असती, म्हणजे कार्बोरेटरकडची बाजू राखाडी, निस्तेज आणि रेषा पुसलेली दिसली असती, तर मी एअर फिल्टर हातात घेतला असता. आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत फाटक्या फिल्टरने गेलेले पिस्टन मी पुष्कळ पाहिले आहेत. पिस्टनच्या डोक्याची कड वाळूने मारल्यासारखी खडबडीत असेल तर ठोके पडत होते, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी आत स्फोटासारखे पेटत होते, आणि डोक्यावर खड्डे असतील तर बेअरिंगचा किंवा सर्कलिपचा (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या कडीचा) तुकडा आत फिरला, असे समजावे.

पेट्रोल कमी पडले, पण का? पहिला संशय बाहेरून शिरणाऱ्या हवेचा. क्रँकचे ऑइल सील कडक झाले किंवा कार्बोरेटरमागचे रबर चिरले तर न मोजलेली हवा आत येते, आणि पॅकिंगऐवजी मी लावलेल्या सिलंटवरही माझा पूर्ण विश्वास नव्हता. सिलिंडर पुन्हा कसून बसवला, सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून दोन्ही तोंडे बंद केली, आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा इम्पल्सच्या नळीला (क्रँककेसमधून कार्बोरेटरकडे दाब नेणाऱ्या नळीला) जोडून काटा ३०० पर्यंत नेला. हा दाब सुमारे ०.४ बार होतो आणि या कामाला पुरतो. साबणाचा फेस सगळीकडे लावला, क्रँक हाताने हळूहळू फिरवला. काटा जागचा हलला नाही. नंतर उलट हवा ओढूनही पाहिले, कारण काही सील दाब धरतात पण ओढीला सोडतात. तेथेही गळती नव्हती.

उरला तो माझा स्क्रू. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनातून जास्त हवा वाहते, म्हणून जोराच्या वेगाचा पेट्रोलचा स्क्रू उघडावा लागतो. तो मी उघडला होता, पण मे महिन्यातल्या दुपारी, ४४ अंशांत, आणि मालकाला आवाज धारदार हवा म्हणून फडफड, म्हणजे पेट्रोल जास्त असताना येणारा तुटक आवाज, जेमतेम नाहीशी होईपर्यंत पुन्हा आवळून. त्या हवेपेक्षा ८ अंशांच्या पहाटेची हवा सुमारे १३ टक्क्यांनी जड असते. कार्बोरेटरमधून येणारे पेट्रोल मात्र त्याच्या साधारण निम्म्यानेच वाढते, म्हणजे मिश्रण आपोआप हलके पडते. लोक समजतात की पिस्टन उन्हाने चिकटतो. माझ्या हातून तो थंडीने चिकटला. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, त्यामुळे जुन्या मापाच्या कार्बोरेटरला हे पेट्रोल आधीच कमी पडते. कारखान्यातून आलेल्या मशीनमध्ये थोडी सूट ठेवलेली असते; ती मी ताकदीसाठी खर्च करून टाकली होती.

सिलिंडर वाचला. त्याचा आतला कठीण मुलामा शाबूत होता, फक्त पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम त्यावर चिकटले होते. कापसाच्या काडीवर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचा थेंब घेऊन तेवढ्याच डागावर लावला की बुडबुडे येतात; ते थांबले की अ‍ॅल्युमिनियम गेले. पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या तोंडांच्या, कडांना ते लागू देऊ नये, कारण तेथील उघडे अ‍ॅल्युमिनियमही ते खाते, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. नव्या पिस्टनवर प्लगच्या भोकातून शिशाची तार घालून पिस्टन आणि सिलिंडरचे छत यांतले अंतर मोजले: ०.६ मिलिमीटर. ०.५ च्या खाली मी जात नाही.

सायलेन्सर मी पुन्हा बंद केला नाही, कारण दोष तोंडाचा नव्हता. ठिणगी अडवणारी जाळी मात्र मी कधीच काढत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. एप्रिलमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी सागाची पाने कुरकुरीत वाळलेली असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, थंडीतच, मशीन तापवून मी स्क्रू लावला: मोकळ्या जोरात थोडी फडफड राहावी आणि बाभळीच्या ओंडक्यात पाते घातले की ती साफ व्हावी, इतका. किटचे पैसे घेतले नाहीत. त्याच संध्याकाळी, मे-जूनमध्ये सायलेन्सर मोकळे करून नेलेल्या आणखी चौघांना फोन केले. तिघांची मशीन वेळेवर आली आणि निर्दोष निघाली. चौथ्याच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला केसाएवढ्या दोन उभ्या रेषा उमटल्या होत्या.