चकचकीत बाजू

रात्रभर चालू ठेवलेलं मोजमाप सकाळी उघडलं आणि खांद्यावरची पिशवी उतरवायचीही राहिली. ज्या नमुन्यात काहीच सापडायला नको, त्यातच दोष भरलेले दिसत होते.

आमचं काम मॅग्नेशियमचे मिश्रधातू पिळण्याचं. पातळ चकती दोन ऐरणींमध्ये धरायची, सहा गिगापास्कलचा दाब द्यायचा आणि खालची ऐरण फिरवायची. चकती वरून अखंड दिसते, आतले कण मात्र मायक्रॉनांवरून काहीशे नॅनोमीटरवर येतात आणि अणूंच्या रांगा जागोजागी चुकतात. या चुकलेल्या रांगा म्हणजे डिस्लोकेशन. त्या हुडकायला आम्ही पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा जुळा कण, वापरतो. तो सोडियम-२२ मधून निघतो, धातूत शिरतो आणि एखाद्या इलेक्ट्रॉनबरोबर संपतो. १२७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण त्याच्या जन्माची वर्दी देतो, ५११ चे दोन मरणाची. मधला वेळ मोजायचा. निर्दोष मॅग्नेशियममध्ये तो सुमारे २२५ पिकोसेकंद भरतो. डिस्लोकेशनपाशी इलेक्ट्रॉनांची दाटी कमी, म्हणून तिथे अडकलेला पॉझिट्रॉन २५५ च्या आसपास जगतो. सगळा खेळ या तीस पिकोसेकंदांचा.

पिळलेल्या चकतीत जवळजवळ सगळे पॉझिट्रॉन अडकले होते, ते ठीकच. पण तुलनेसाठी, दोष निघून जावेत म्हणून, भट्टीत तापवून सावकाश थंड केलेल्या नमुन्यातही लांब आयुष्याचा हिस्सा भरघोस निघाला.

आधी सोर्सवर, म्हणजे सोडियम-२२ वर संशय घेतला, मग इलेक्ट्रॉनिक्सवर, मग भट्टीवर. तिन्ही निर्दोष सुटले. तासभर वाया गेल्यावर नमुना तयार करणाऱ्या मुलाला विचारलं, "कापलास कधी?"

"तापवल्यावर, मॅडम. जाड चकती होती, मधून आडवी कापली. सोर्स मध्ये ठेवायला दोन तुकडे लागतात ना."

"आणि सोर्सकडे कुठल्या बाजू केल्यास?"

"चकचकीत. कापून घासलेल्या. दुसऱ्या बाजू काळपट पडल्या होत्या..." बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला.

या सोर्समधले पॉझिट्रॉन मॅग्नेशियममध्ये सरासरी दीडशे मायक्रॉनपर्यंतच जातात. मॅग्नेशियम मऊ, त्यात तापवल्यावर आणखी मऊ. करवतीचं पातं आणि पॉलिश पेपर मिळून तेवढा थर सहज बिघडवतात. आम्ही भट्टीने सुधारलेल्या धातूऐवजी करवतीची करामत मोजत होतो.

तो म्हणाला, "चार दिवस ठेवून दिला तर आपोआप भरून येईल का?" प्रश्न चांगला होता. अणूंच्या सुट्या रिकाम्या जागा मॅग्नेशियममध्ये खोलीच्या तापमानालाही सरकतात आणि नाहीशा होतात. डिस्लोकेशन एवढ्या सहजासहजी जात नाहीत.

मग दुसरं काहीही न बदलता दोन्ही तुकडे फक्त उलटवले. काळपट बाजू सोर्सकडे, चकचकीत बाहेर. पुरेसे काउंट जमेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर तो दर दहा मिनिटांनी पडद्याकडे बघून येई. अर्धवट आलेखावरून काही ठरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. मीही दोनदा बघून आले, ते मात्र त्याला सांगितलं नाही.

आयुष्य २२५ ला येऊन बसलं. लांब हिस्सा जवळपास गायब.

आता खात्री म्हणून कापलेल्या बाजू अल्कोहोलमधल्या पातळ नायट्रिक आम्लात उतरवायच्या होत्या. मॅग्नेशियम पाण्यात लगेच काळवंडतं, म्हणून पाणी टाळायचं. आम्लाला थोडं खाऊ द्यायचं, धुवायचं, वाळवायचं, मायक्रोमीटरने जाडी बघायची, पुन्हा बुडवायचं. प्रत्येक बाजूचे तीनशे मायक्रॉन जाईपर्यंत हेच.

तो चिमट्यात तुकडा धरून बुडबुडे बघत होता. मध्येच थांबला.

"मॅडम, पिळलेल्या चकत्याही आपण घासल्या होत्याच की."

मी वही काढली आणि आठही चकत्यांपुढे 'पुन्हा' असं लिहिलं.