नवतप्यात शिजलेली बाटली

नागपुरात, धंतोलीतल्या आमच्या घरात मे महिन्याच्या दुपारी देव्हाऱ्यातली मेणबत्तीसुद्धा कमरेत वाकते. अशा घरात मी रेड वाईन मुरायला ठेवली होती.

2019 साली अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेट्टे’ घेतली, एकाच सालच्या दोन बाटल्या. सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची वाईन. तुरटपणा दणकट, म्हणजे काही वर्षं ठेवण्याजोगी. एक बाटली नाशिकला आतेभावाच्या वाड्यातल्या दगडी कोठीत गेली. दुसरी माझ्या दिवाणाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून, बूच ओलं राहावं म्हणून आडवी. एवढं शास्त्र मला येत होतं. बारा-चौदा अंश तापमान कुठून आणायचं, ते येत नव्हतं.

पाच उन्हाळे गेले. 2024 च्या दिवाळीत आतेभाऊ त्याची बाटली घेऊन आला आणि आम्ही दोन्ही शेजारीशेजारी उघडल्या.

माझ्या बाटलीचं वरचं वेष्टण फिरेचना. कापून काढलं तर खाली वाळलेल्या काकवीसारखा चिकट थर, आणि बूच तांदळाच्या दाण्याएवढं वर आलेलं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, वाईन फुगली, बुचाला रेटून बाहेर झिरपली. गार झाल्यावर तिच्या जागी हवा आत शिरली. दरवर्षी हेच. ग्लासात कडेला विटकरी रंग, वासाला आलुबुखाराचा मुरांबा, तोही जरा करपलेला. चव सपाट, शेवटी नुसती आंबट. आतेभावाच्या ग्लासात मात्र जांभूळ होतं, थोडी मिरी, आणि गिळल्यावर हिरड्यांना धरणारा तुरटपणा आता मऊ झालेला. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

व्हाईटचं मला एवढं दुःख नाही. नाशिकची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ताजेपणासाठीच प्यायची. घ्या, गार करा, वर्षभरात संपवा. शिवाय सावजी रश्श्यासोबत तुरट रेड म्हणजे जिभेवर दुसरा तडका. तिथं किंचित गोडसर शेनिनच निभावून नेते.

मग बारा बाटल्यांचा छोटा वाईन फ्रीज आणला. स्वस्त आणि बिनआवाजी, कारण त्यात कॉम्प्रेसरच नव्हता. असले फ्रीज खोलीपेक्षा ठरावीक अंशच खाली जातात. खोलीच बेचाळीसवर गेल्यावर आतला काटा पंचविसाच्या खाली येईना. कूलरच्या झोतासमोर ठेवून पाहिला, तर लेबलांना बुरशी. शेवटी कॉम्प्रेसरवाला घेतला. तो घुरघुरतो, पण तेरावर टिकतो.

आईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दारूले कॉम्प्रेसर, अन् मायले कूलर?”

पुढच्या महिन्यात तिच्या खोलीत एसी लागला. तरी तिनं वसुली सोडलेली नाही. खालच्या फळीवर ओल्या फडक्यात तिचे मोगऱ्याचे गजरे असतात. तेरा अंशांत दोन-दोन दिवस टवटवीत राहतात म्हणे. वरच्या फळीवर नवी सेट्टे आडवी पडलीय. मोगरा बुचातून आत जातो का, ते 2029 ला कळेल.