तिसरी ओळ

वेबसाइट बनवण्याच्या एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसाठी मी फावल्या वेळात काम करते. कोड लिहीत नाही. दर आठवड्याला सगळ्या टीम्सचे अपडेट गोळा करून एकत्र मांडते. प्रत्येक टीमने तीन ओळी द्यायच्या: काय झालं, काय चाललंय, कुठे अडलंय. पहिल्या दोन लोक हौसेने लिहितात. तिसरीत बहुतेक वेळा ‘काही नाही’. खरं तर वाचण्यासारखी तेवढी एकच, आणि नेमकी तीच उरकली जाते.

त्या दिवशी नव्या आवृत्तीचा पहिला रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे अंतिमच्या आधीची चाचणीची प्रत, येऊन गेला होता, अंतिम आवृत्ती तोंडावर होती. अपंगांनाही सॉफ्टवेअर वापरता येतंय ना हे बघणाऱ्या अ‍ॅक्सेसिबिलिटी टीमचं अपडेट आलं: ‘टेस्टिंग चालू आहे. अडचण नाही.’ मागचे अपडेट काढून बघितले तर तीच वाक्यं, जशीच्या तशी. मग त्यांची तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, उघडली. सगळ्या कॉमेंट एकाच माणसाच्या, त्याही अपरात्रीच्या.

त्याला थेट विचारलं, बाकीचे कुठे आहेत? म्हणाला, बाकीचे कधीच गेले, कुणाची नोकरी बदलली, कुणाला मूल झालं. फोटो निवडायची जी नवी खिडकी या आवृत्तीत येणार होती, ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अजून कुणी तपासलीच नव्हती. मग तसं लिहिलं का नाही? तर म्हणे, लिहिलं असतं तर रिलीज माझ्यामुळे अडली असं झालं असतं. फुकट काम करणाऱ्या माणसाला ही भीती वाटावी, याचा मला रागच आला.

हे काही आमच्याकडेच घडतं असं नाही. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा गुटेनबर्ग हा नवा एडिटर डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत आला. त्याच्या दोनेक महिने आधी तिथल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी टीमच्या प्रमुखांनी पद सोडलं होतं. त्यांनी कारणं जाहीरपणे मांडली, म्हणून ती चर्चा तरी झाली. मुकाट्याने गळणाऱ्यांची कुठे नोंदही राहत नाही.

आमच्या त्या एकट्या माणसाची परवानगी घेऊन मी एकत्रित अपडेटच्या अगदी वर लिहिलं: ‘नवी खिडकी स्क्रीन रीडरवर तपासलेली नाही. टीममध्ये माणूस एक.’ रिलीज सांभाळणाऱ्या बाईंनी आधी कुरकुर केली, हे आत्ता कशाला म्हणून. पण तासाभरात तिघे मदतीला पुढे आले. त्यातले दोघे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर रोज वापरणारे, म्हणजे ज्यांच्यासाठी ही सगळी तपासणी असते तेच.

दोष चटकन सापडला. फोटो निवडून खिडकी बंद केली की कीबोर्डचा फोकस, म्हणजे कीबोर्डने काम चालतं ती जागा, ज्या बटणावरून ती उघडली तिथे परत यायला हवा. तो थेट पानाच्या सुरुवातीला उडत होता. माऊस वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. न बघता काम करणाऱ्याला मात्र दर फोटोमागे सगळा मेन्यू पुन्हा टॅबने ओलांडावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे बंद करण्याच्या बटणाला नावच नव्हतं, स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण’ म्हणायचा.

फोकस दुरुस्त करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, छोटा होता. नावाचं त्रांगडं वेगळं. पहिल्या रिलीज कॅन्डिडेटनंतर आमच्याकडे मजकूर गोठवतात, नवा शब्द घालायचा नाही, कारण अनुवादकांना वेळ मिळायला हवा. शेवटी अनुवाद टीममधल्या एकीने दाखवून दिलं की ‘बंद करा’ हा मजकूर दुसऱ्या एका खिडकीत आधीपासून आहे, सगळ्या भाषांत अनुवाद झालेला. तोच उचलला. दोघांनी कोड तपासला, एनव्हीडीएवाल्यांनी पुन्हा चालवून पाहिलं, आणि रात्री पॅच मूळ कोडमध्ये मर्ज झाला. तारीख हलली नाही.

तिघांपैकी एकजण नंतर दिसला नाही. दोघे टिकलेत. मी आता तिसऱ्या ओळीत ‘काही नाही’ स्वीकारत नाही. तिच्या जागी दोन प्रश्न ठेवलेत: या आठवड्यात काय तपासायचं राहिलं, आणि प्रत्यक्ष किती जणांनी काम केलं? काही टीम्सना हा चोंबडेपणा वाटतो. वाटू दे.