सुटला तो तीर

दुपारी अडीचचं ऊन. शेजारच्या रानात बोअरमध्ये मोटार सोडणं चाललंय. लोखंडी तिकाटणं उभं, त्याला चेनपुली, आणि साखळीला ती लांबुळकी चकचकीत मोटार. आत स्वच्छ पाणी भरून हवा काढून झालीय. मिस्त्री पोरावर खेकसतो, "आरं, केबल धर नीट. केसिंगच्या कडंला घासली का जळालीच म्हण."

ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं समुद्राचा विषय निघायचं कारण नाही. पण अशी टांगलेली मोटार दिसली की पाणतीर आठवतो, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाज उडवणारा टॉर्पीडो. आणि पाणतीर आठवला की तो सांभाळणारा खलाशी, टॉर्पीडोमन.

आधी शब्दाची कुरकुर. पाणतीर म्हणे! तिराला धनुष्याचा जोर लागतो. इथं इंजिन, हवेची टाकी, सुकाणू, सगळं पोटातच. इंग्रजीवाले तरी कुठले शहाणे? टॉर्पीडो हे विजेचा झटका देणाऱ्या माशाचं नाव. 1864 साली अमेरिकेच्या यादवी युद्धात, मोबाईल बे नावाच्या खाडीतल्या लढाईत ज्यांना टॉर्पीडो म्हणत, ते जागचे न हलणारे पाणसुरुंग होते. आपला आपण पळणारा टॉर्पीडो रॉबर्ट व्हाइटहेडनं फ्यूमे, म्हणजे क्रोएशियातल्या आजच्या रियेका इथं, 1866 मध्ये केला. तो नेमक्या खोलीवर राहावा म्हणून पाण्याचा दाब ओळखणारी झडप आणि तिच्या जोडीला लंबक बसवला. त्या जोडणीला नावच पडलं 'गुपित'.

ब्रिटिश नौदलात या खलाशांच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. सुरुंग विजेनं उडवायचे, म्हणून विजेची माहिती त्यांनाच. मग जहाजावरचे दिवे, घंट्या, डायनॅमो, सगळं त्यांच्याकडंच. 1940च्या दशकापर्यंत हे चाललं. आमचा मोटारवाला नाही का, बोलावलं मोटारीला तरी स्टार्टर उघडतो आणि जाता जाता खांबावरचा फ्यूजही टाकतो.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी मार्क 14 हा पाणतीर घ्या. व्यास 21 इंच, लांबी साडेवीस फूट, वजन दीड टनाच्या आसपास. पाणबुडीच्या त्या बोळात तो साखळीनं उचलून डागायच्या नळीच्या रेषेत आणायचा, ग्रीस लावायचं, वरची खुंटी नळीतल्या खाचेत बसवायची आणि नाक पुढं करून सरकवायचा. पंखे अडकवून ठेवणारी खीळ आठवणीनं काढायची. मागचं दार लावायचं, नळीत पाणी भरायचं, आतला-बाहेरचा दाब सारखा करायचा, मगच पुढचं दार उघडायचं. दोन्ही दारं एकदम उघडू नयेत म्हणून अडसरांची साखळीच असते. ती फसली तर समुद्र थेट झोपायच्या फळीवर. फळ्या तिथंच असत, पाणतिरांच्या मधोमध.

मग दाबलेल्या हवेनं ढकलायचा. बाहेर पडताना नळीतला खटका त्याचा दांडा मागं पाडतो, तेव्हा इंजिन सुरू होतं. कोरड्या नळीतच सुरू झाला तर पंख्यांना पाण्याचा भार नाही. इंजिन उधळतं आणि खोली धुरानं भरते. पंखे दोन, एकामागं एक आणि उलट दिशेनं फिरणारे. एकच असता तर अंगच गरगरलं असतं. मोटार सुरू होताना पाइपाला बसणारा हिसका ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

खरं काम मात्र डागण्याचं नव्हेच. हवेचा दाब उतरला का बघा, भरा, पुसा, पुन्हा ग्रीस. बॅटरीवरचा असेल तर बाहेर ओढून चार्ज करा, आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन साचू देऊ नका. मार्क 14 चं इंधन अल्कोहोल. ते खलाशी पितात म्हणून नौदलानं त्यात जमालगोट्याचं तेल घातलं, तर गड्यांनी भट्टी लावून ते पुन्हा गाळलं. कष्टाचं असं चीज इतर कुठल्या खात्यात झालं नसेल.

आणि एवढं निगुतीनं करून पाणतीर जहाजाच्या बुडाखालून निघून जायचा. कप्तान म्हणत खोली चुकते, नौदलाचं शस्त्रांचं कार्यालय म्हणे नेम चुकतो. शेवटी जून 1942 मध्ये ऑस्ट्रेलियात ऑल्बनीजवळ कोळ्याचं जाळं लावून डागून पाहिलं. भोकं ठरवलेल्या खोलीच्या दहा-अकरा फूट खाली! दाब मोजायचं ठिकाण शेपटाकडं होतं, तिथं धावत्या पाण्यात दाब कमी पडतो. बिचाऱ्याला वाटे आपण वरच आहोत. शिवाय चाचणीला लावलेलं डोकं खऱ्या, स्फोटकं भरलेल्या डोक्यापेक्षा हलकं. एका जाळ्यात कळलं ते कागदांत महिनोन् महिने कळलं नव्हतं.

तीर हा शब्द एका बाबतीत पटत आला होता: सुटला की परत येत नाही. ऑक्टोबर 1944 मध्ये 'टँग' या अमेरिकी पाणबुडीनं आपला चोविसावा, शेवटचा पाणतीर सोडला. तो डावीकडं वळला, वळतच राहिला आणि गोल फिरून 'टँग'च्याच मागच्या भागावर आदळला. पाणबुडीवरच्या 87 पैकी 9 वाचले. सुकाणू अडकलं असावं. पुढच्या खोलीतल्यांनी तो किती वेळा पुसला असेल.

इकडं पाइपाचा शेवटचा तुकडा आत गेला, क्लॅम्प बसला. बटण दाबल्यावर आधी हवा, मग लाल गढूळ पाणी. मालकानं विचारलं, "मिस्त्री, परत काढायची पाळी आली तर?"

"काढू की," मिस्त्री चेनपुली गुंडाळत म्हणाला. "त्याचे पैसे वेगळे."